ढिला राहिलेला क्लॅम्प

गाडी अजून वाडीतल्या शेडमध्ये उभी आहे. जपानी बनावटीची, दोन सीटची, लाल. बटण दाबलं की दिवे बॉनेटमधून वर येतात. मोठा भाऊ आखातातून कायमचा परतला तेव्हा मुंबईत कस्टमच्या लिलावात त्याने ती घेतली. आखातात तो अशाच गाड्यांच्या गॅरेजमध्ये होता. त्याने लग्न केलं नाही. गावात म्हणत, "याची लाल बायको आहे, दूध नाही, पेट्रोल पिते." तो म्हणे, "रुसून माहेरी तर जात नाही."

घर वसई पश्चिमेला, गासच्या पुढे, केळीच्या वाडीत आहे. तिथे तो आणि आई राहत. मी वसई पूर्वेला, एव्हरशाईन सिटीतल्या फ्लॅटमध्ये राहते. माझी सगळी नोकरी वर्तमानपत्राच्या डेस्कवर, दुसऱ्यांच्या बातम्या तपासण्यात झाली. घरात आमची स्वतःची बोली चालते. इथे ती सगळ्यांना वाचता येईल अशी लिहिली आहे. दोनच शब्द तसेच ठेवले आहेत: 'आय' म्हणजे आई, आणि 'बाय' म्हणजे धाकटी बहीण, मी.

पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येऊ लागलं, त्यानंतर शेडमध्ये वास सुटला. तो आधी आयला आला. तिला वाटलं, रॉकेल सांडलं. दादाने बॉनेट उघडलं, एक रबरी नळी चिमटीत दाबली आणि ती शिळ्या शेवग्याच्या शेंगेसारखी दबली. इथेनॉल म्हणजे अल्कोहोल. जुन्या रबराला ते सोसत नाही. नळ्या फुगतात, मऊ पडतात, आतून त्यांचे कण सुटतात. शिवाय तेवढ्याच हवेला हे मिश्रण जास्त लागतं. जुना पंप आणि जुने इंजेक्टर तेवढं पुरवू शकत नाहीत.

"नाही पुरवलं तर?" मी विचारलं.

"टर्बो काय करतो? इंजिनात हवा कोंबतो. पंगतीत एक वाढपी पानावर भात वाढत सुटलाय आणि रस्सेवाला मांडवातून गायब. मग माणसाचं काय होईल?"

"घशात घास अडकेल."

"इंजिनाचा पिस्टन वितळतो," तो म्हणाला.

हे बोलणं झालं तेव्हा त्याच्याच घशात घास अडकू लागलेला होता. चपाती कडक झाली, असं तो आयला म्हणे. मग भाताचं तेच. मग पेजेचं. तपासण्यांत अन्ननलिकेचा कर्करोग निघाला. पोटाला छिद्र करून नळी बसवली आणि त्या नळीतून पातळ अन्न देणं सुरू झालं. तोंडाने काहीही द्यायचं नाही, पाण्याचा थेंबही फुप्फुसात जाऊ शकतो, असं डॉक्टरांनी आयला बजावलं. आयने मान हलवली. वळून मला म्हणाली, "थेंबही नाही?"

दादाने मात्र पुण्याहून पंप मागवला. नळ्या, इंजेक्टर आणि रेग्युलेटर त्याच्या आखातातल्या गॅरेजमधल्या एका सोबत्याने आणून दिले. हा सोबती शेजारच्या निर्मळ गावचा, त्याच्याच वयाचा. तो म्हणाला, "अरे, आधी तू बरा हो, मग गाडी बघू."

"दोघांच्या नळ्या एकाच वर्षी बदलायला आल्यात," दादा म्हणाला. "माझ्या एका शिकाऊ डॉक्टरने बदलल्या. हिला तरी चांगला मेकॅनिक मिळू दे."

त्याला एवढं सगळं कशासाठी करायचं होतं, ते घरात सगळ्यांना माहीत होतं. आय तरुण असताना वाडीतली वांगी-वाल टोपलीत घालून समुद्रकाठच्या कळंबला चालत जायची आणि तिथल्या कोळणींकडून बदल्यात सुकी मासळी आणायची. दादा लहानपणी तिच्याबरोबर जायचा. परत येताना पाय दुखले की ती त्याला टोपलीसकट उचलून घ्यायची. एकदा मी तुला गाडीतून कळंबला नेणार, असं त्याने तेव्हा सांगितलं होतं. मग आखातात वर्षं गेली. नंतर गाडी होती, पण ती नेहमी अर्धी उघडलेली असे. आता त्याला तो रस्ता स्वतः चालवत, आयला शेजारी बसवून, पार करायचा होता. रिक्षा चालणार नव्हती आणि माझी स्कूटरही चालणार नव्हती.

काम सावकाश झालं. तो पाटावर बसे, मी हत्यारं देई. टाकी उतरवली, आतून खरवडली, तिला नवा लेप दिला. पंप टाकीत बसवला. टाकीपासून इंजिनापर्यंतच्या नळ्या बदलल्या. पोटावरची नळी तो शर्टात खोचून ठेवी आणि वाकताना एका हाताने सांभाळी. नळी जिथे जोडली जाते तिथे तिच्यावर पत्र्याची पट्टी येते, ती स्क्रूने आवळतात. तिला क्लॅम्प म्हणतात. प्रत्येक क्लॅम्प आवळून झाला की तो बारीक ब्रशने त्यावर पिवळ्या रंगाची एक रेघ ओढी. रेघ स्क्रूच्या डोक्यावरून सुरू होऊन पट्टीवर संपे. स्क्रू जरा जरी फिरला तर रेघ तुटते आणि लांबूनही दिसते. आखातात त्याच्या हाताखाली काम केलेल्या सगळ्यांना त्याने ही सवय लावली होती. तिथे त्याला 'पिवळा' म्हणत.

आय शेडच्या दाराशी खुर्ची टाकून बसे. तिला आत येऊन गाडीपुढे मेणबत्ती लावायची होती.

"आय, इथे पेट्रोल आहे. मेणबत्ती लावलीस तर आपण तिघं गाडीसकट थेट वर जाऊ."

"वर जायला तुला एवढी घाई?"

"मला नाही. तुला आहे, मेणबत्ती तू आणलीस."

ती मेणबत्ती परत घेऊन गेली. नंतर पवित्र पाण्याची बाटली घेऊन आली आणि बॉनेटवर, चाकांवर पाणी शिंपडलं. आम्हा ख्रिस्ती लोकांत पुनरुत्थानाच्या सणाच्या, म्हणजे ईस्टरच्या रात्री देवळात पाण्याला आशीर्वाद देतात. घरोघरी लोक ते बाटलीत भरून आणतात आणि वर्षभर पुरवतात. विहिरीत घालतात, नव्या गाडीवर शिंपडतात, आजाऱ्याला चमचाभर पाजतात. दादाने हरकत घेतली नाही. "बाहेरून चालेल," एवढंच म्हणाला.

गाडी पहिल्यांदा सुरू झाली ती दुपार होती. इंजिन खोकलं, बंद पडलं, पुन्हा सुरू झालं आणि मग एका लयीत चालत राहिलं. दादाने वाकून एकेका जोडाला बोट लावलं आणि बोट हुंगलं. कुठेही गळती नव्हती. सोबती म्हणाला, "काय पिवळ्या, कधी निघताय?" दादा म्हणाला, "पाऊस संपला की."

पाऊस संपायच्या आधी त्याला पुन्हा दाखल करावं लागलं. ते दिवस लांबले. गाडी शेडमध्ये होती, टाकीत थोडं पेट्रोल होतं. टाकीच्या झाकणाची किल्ली घरात पवित्र कुटुंबाच्या तसबिरीखाली खिळ्याला लटकवलेली असे. तो घरी आला तेव्हा त्याचं वजन खूप उतरलं होतं, आवाज बसला होता. डॉक्टरांनी पुढच्या उपचाराबद्दल बोलणं बंद केलं होतं. त्याने स्वतःहून काही विचारलं नाही. रस्ता सुकला का, ते मात्र विचारलं.

ज्या सकाळी ते निघाले, त्या सकाळी आय ठेवणीतलं लुगडं नेसली होती. गाडीची सीट जमिनीलगत असल्यामुळे तिला बसवायला मला आणि सोबत्याला दोन्ही बाजूंनी धरावं लागलं.

"ही गाडी आहे की पाट?" ती म्हणाली. "जेवायला वाढणार आहेस का?"

"कळंबला वाढतो," दादा म्हणाला.

मी स्कूटरवर मागे होते. गावातून तो अगदी हळू गेला. लोक ओट्यावर येऊन बघत होते. आय त्यांना हात करत होती. निर्मळ मागे पडलं, वस्ती संपली, रस्ता सरळ झाला. तिथे त्याने पाय दाबला. गाडी मागच्या बाजूने किंचित बसली आणि पुढे झेपावली. मला टर्बोची शीळ ऐकू आली. त्यानंतर ठक् असा एक आवाज झाला, मागून निळसर धूर निघाला आणि गाडी घरंगळत रस्त्याच्या कडेला थांबली.

कळंबचे दोघे कोळी मोटारसायकलवरून येत होते, ते थांबले. एकाने वाकून आत पाहिलं. "काय आजी, गाडी उपाशी ठेवली का? दोन बोंबील चारा हिला." आय हसली. दादाने चावी पुन्हा फिरवून पाहिली नाही. आवाजावरून त्याला कळलं होतं. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तो समोर बघत बसला. समुद्राचा वारा येत होता, समुद्र दिसत नव्हता.

गाडी टेम्पोत चढवून घरी आणली. आयला मी स्कूटरवर आणलं.

दुसऱ्या दिवशी सोबत्याने इंजिन उघडलं. एका पिस्टनला भोक पडलं होतं. दादा म्हणाला, "रस्सेवाला गायब." त्याने टाकीतलं पेट्रोल तळातून काचेच्या बरणीत काढायला लावलं. बरणी उजेडात ठेवली आणि जरा वेळाने तिच्यात आडवी रेषा दिसू लागली. वर पिवळसर पेट्रोल, खाली पाण्यासारखा स्वच्छ थर. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि पाणी प्रमाणाबाहेर झालं की त्याच्यासकट पेट्रोलपासून सुटून तळाला बसतं. हळू चालवताना तो थर टाकीच्या पुढच्या कोपऱ्यात राहिला असणार. गाडीने झेप घेतली तेव्हा मागे सरकून पंपाच्या तोंडाशी आला. भरपूर हवा आली, पेट्रोल आलं नाही.

"हवेतला दमटपणा," सोबती म्हणाला.

"हवेतलं पाणी एवढं नसतं." दादाने बरणी फिरवली. मग घराकडे बघितलं. सोबती गेल्यावर तो मला म्हणाला, "बाय, आयला सहज विचार. टाकीत काही घातलंस का म्हणून. आवाज चढवू नकोस."

आय पडवीत वालाच्या शेंगा सोलत होती. मी विचारलं. तिने शेंगा बाजूला ठेवल्या नाहीत.

"घातलं ना. दर रविवारी देवळातून, मिस्सेवरून आले की थोडं थोडं. पवित्र पाणी. त्याला पाजायचं होतं, पण डॉक्टर म्हणाला, थेंबही नाही. मग म्हटलं, त्याचा जीव जिच्यात अडकलाय तिला तरी पाजू. तिच्या पोटात गेलं म्हणजे त्याच्या पोटात गेलं." तिने एक शेंग सोलली. "का गं? त्याने काही बिघडतं का?"

मी म्हणाले, विचारून सांगते.

दादाने ऐकून घेतलं. त्याचे खांदे हलू लागले. तो हसतोय हे कळायला मला वेळ लागला, कारण आवाज येत नव्हता. डोळे पुसून तो म्हणाला, "सांग तिला, पाण्याने काही होत नाही. माझ्याकडून एक क्लॅम्प ढिला राहिला."

"दादा, तुझ्याकडून?"

"माझ्याकडून."

"पंप खराब निघाला म्हणून सांगते."

"मग ती पुण्याच्या दुकानदाराला शिव्याशाप देत बसेल. रोज. क्लॅम्प सांग, तिथे तिचा राग संपतो." मग म्हणाला, "आय आहे तोवर क्लॅम्प ढिला. नंतर तुमच्या पेपरात छापतात तशी दुरुस्ती छाप."

मी आयला तसं सांगितलं. ती उठून त्याच्या खोलीत गेली. दारातून मला तिचा आवाज आला. "राहतो रे. आजारी माणसाचा हात. मनाला लावून घेऊ नकोस." दादा म्हणाला, "हो आय, चुकलंच माझं."

नवं इंजिन शोधण्याबद्दल सोबती दोनदा बोलला. दादाने गाडीवर ताडपत्री घालायला सांगितली. मृतांच्या दिवशी लोक दफनभूमीत फुलं आणि मेणबत्त्या घेऊन जातात. त्या वर्षी आय त्याच्याजवळ बसून राहिली, गेली नाही. नाताळची तयारी गावात सुरू झाली तेव्हा तो गेला.

तो जाऊन महिना झाला, त्या दिवशीच्या मिस्सेनंतर माणसं घरी चहाला आली. कळंबच्या रस्त्यावर गाडी बंद पडल्याचा विषय निघाला. आय सगळ्यांना सांगत होती, "त्याच्याकडून एक क्लॅम्प ढिला राहिला. काय करणार, हातात ताकद नव्हती." लोक हळहळले. निर्मळचा सोबती कप हातात धरून उभा होता.

"पिवळ्याचा क्लॅम्प?" तो म्हणाला. "ढिला?"

"आजारी माणसाचे हात रे," आय म्हणाली.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्या कपात आणखी चहा ओतला. त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, "खरं आहे, मावशी. राहतो कधी कधी." आखातातून आलेल्या आणखी दोघांनीही ते ऐकलं.

कळंबला नेऊ का, असं मी नंतर आयला एकदा विचारलं. ती म्हणाली, "त्याच्याबरोबर जायचं बोलणं झालंय. दुसऱ्या कोणाबरोबर कशी जाऊ?" ती गेली नाही. गेल्या पावसाळ्यात ती वारली. तिला दादा आहे त्याच दफनभूमीत ठेवलं आहे.

परवा शेड साफ करायला मी एकटीच गेले. ताडपत्री काढून बॉनेट उघडलं आणि बॅटरीच्या उजेडात टाकीपासून इंजिनापर्यंतचे सगळे जोड पाहिले. नळ्यांवर धूळ होती, ती फडक्याने पुसली. प्रत्येक क्लॅम्पवर स्क्रूच्या डोक्यावरून पट्टीपर्यंत पिवळी रेघ आहे. एकही तुटलेली नाही.