अठ्ठेचाळीस म्हणायचं आणि गप्प बसायचं

नाव : श्री. राजरत्न भिवा तांबे. वय : सदतीस. पद : ‘रत्नाकृती वेब सोल्युशन्स’ या संस्थेचे संस्थापक, संचालक व मुख्य डिझायनर. मुख्य कार्यालय : वागळे इस्टेट, ठाणे. शाखा : डोंबिवली पूर्व. कार्य : लघुउद्योगांच्या वेबसाइटची निर्मिती व देखभाल. दर : निश्चित. सदर संस्थेत घासाघीस केली जात नाही.

हा मजकूर संस्थेच्या माहितीपत्रकात आहे आणि त्यातला बराचसा खरा आहे. मुख्य कार्यालय म्हणजे एका गाळ्यात भाड्याने घेतलेलं टेबल. शाखा म्हणजे घर. दर मात्र अकरा वर्षांत कधी निश्चित झालाच नव्हता. गिऱ्हाइकाकडे एसी असला की पंधरा हजार, पंखा असला की बारा, आणि चहाबरोबर बिस्किटं आली की दहा, अशी राजरत्नची पद्धत होती. नात्यातल्यांना तो ‘द्या तुम्हाला वाटेल ते’ म्हणायचा. खोपटच्या मामांना अर्धा किलो पेढे द्यावेसे वाटले होते.

यंदा मार्चमध्ये माजिवड्याच्या लुर्दस आंटींचं काम आलं. त्यांच्या घरी दर उन्हाळ्यात मसाला कुटून बियरच्या रिकाम्या तपकिरी बाटल्यांत ठासून भरतात. आजवर तो नातेवाइकांच्या बॅगांतून कॅनडाला जायचा. आता आंटींना आणि त्यांचे भाऊ इनास यांना तो रीतसर ऑनलाइन विकायचा होता. म्हणजे ऑर्डर, पैसे भरणं, वजनाप्रमाणे परदेशी पार्सलचा खर्च, सगळंच आलं.

राजरत्नने पहिल्यांदाच कागद घेऊन नीट आकडेमोड केली. जुन्या कामांच्या तारखा काढल्या तेव्हा कळलं, की साइट बनवायला जेवढे दिवस लागतात त्याच्या दुप्पट गिऱ्हाइकाच्या ‘एक छोटासा बदल’मध्ये जातात. तेही धरले. उत्तर अठ्ठेचाळीस हजार आलं. ते त्याने थोडा वेळ पाहिलं आणि सवयीने खाली तीस लिहिलं.

त्याची बायको कृतिका कल्याणला रक्त तपासणीच्या लॅबमध्ये आहे. तिने तीस खोडलं.

“आम्ही पेशंटच्या घरी एसी आहे का बघून बिल करत नाही. अठ्ठेचाळीस म्हणायचं आणि गप्प बसायचं. तू बोलत राहिलास ना, की उतरायला लागतोस.”

त्याने तसं केलं. अठ्ठेचाळीस म्हणाला आणि समोरच्या फळीवरच्या बाटल्या मोजत बसला. एकोणिसाव्या बाटलीला आंटी म्हणाल्या, ठीक आहे. फक्त इनासला तीन कोटेशनं लागतील, तो बँकेत होता. बाहेर पडल्या पडल्या राजरत्नने कृतिकाला फोन करून सांगितलं, झालं.

तीन कोटेशनांची काळजी नव्हती. गाळ्यात शेजारच्या टेबलावर प्रफुल्ल बसतो. दोघं डिप्लोमाला एका वर्गात होते, गाळ्याचं भाडंही निम्मं निम्मं भरतात. सहा वर्षांपासून त्यांचा नियम होता : ज्याचं गिऱ्हाईक, त्याचा आकडा खरा. दुसऱ्याने आपल्या मेलवरून त्याहून मोठा आकडा पाठवायचा. तिसरं कोटेशन प्रफुल्लची बहीण रचना हिच्या फर्मचं, जिच्याकडे लेटरहेड होतं आणि दुसरं काही नव्हतं. ही फसवणूक आहे असं कोणाच्या मनात आलं नव्हतं. फाइल पूर्ण करण्याचा तो एक भाग होता.

राजरत्नने अठ्ठेचाळीसचा आकडा जरा मिरवतच सांगितला. मुद्दे उतरवून घ्यायला आपलं कोटेशनही दिलं. प्रफुल्लने बासष्ट पाठवायचे, रचनाचे सत्तर.

“शिकलास रे मागायला, रत्न्या,” प्रफुल्ल म्हणाला, आणि राजरत्नच्या डब्यातली सुक्या बोंबलाची चटणी संपवली.

इनासनी मेलवर विचारलं होतं, की त्याने सुचवलेले बाकीचे दोघे कसे आहेत. राजरत्नने उत्तर दिलं : दोन्ही फर्म दोस्तांच्याच, कामात चोख.

आठ दिवसांनी आंटींनी बोलावलं. कॉफी आली, केक आला. इनासनी तीन कागद शेजारी शेजारी मांडले होते. रचना सत्तर. राजरत्न अठ्ठेचाळीस. प्रफुल्ल एकोणचाळीस. मुद्दे शब्दाला शब्द तेच. प्रफुल्लने कॅनडाच्या पार्सलचाही विचार केलाय, याचं इनासना विशेष वाटलं होतं. आंटींना वाईट वाटत होतं.

“तूच लिहिलंस ना बाळा, कामात चोख. तुझाच दोस्त, म्हणून आम्ही निर्धास्त झालो.”

राजरत्नकडे एकच वाक्य होतं : त्याने बासष्ट लिहायचं ठरलं होतं. हे वाक्य त्या घरात बोलता येण्यासारखं नव्हतं. त्याने केक संपवला.

परतताना बसमध्ये त्याने मोबाइल काढला. सहा वर्षांत तीन कोटेशनं देऊनही ‘सध्या बजेट नाही’ म्हणून हुकलेली चार कामं त्याला आठवत होती. एकेक साइट उघडून तो अगदी तळापर्यंत गेला, जिथे बनवणाऱ्याचं नाव बारीक अक्षरात असतं. तीन साइट्सच्या तळाशी प्रफुल्ल होता. चौथी साइट अजून झालीच नव्हती.

प्रफुल्ल गाळ्यात आपल्या टेबलावरच होता.

“मी तुला बासष्ट सांगितलेले.”

“अरे, बासष्टला त्यांनी मला काम दिलं असतं का?”

हे त्याने समजावून सांगितल्यासारखं सांगितलं. पुढे म्हणाला, की अठ्ठेचाळीस काही पास होणार नव्हते. काम बाहेरच्या कोणाकडे गेलं असतं, आता निदान गाळ्यात तरी राहिलं. राजरत्नने त्या तीन साइट्सचं विचारलं. प्रफुल्ल स्क्रीनकडे बघतच म्हणाला,

“तुला मागताच येत नाही, रत्न्या. त्याला मी काय करू?”

मग त्याने सांगितलं, की त्याला जूनपर्यंत वेळ नाही. तूच कर, मुद्दे तसेही तुझेच आहेत. बावीस देतो.

राजरत्नला कृतिकाचं म्हणणं आठवलं. तो गप्प बसला. टेबलावर मोजायला काही नव्हतं.

प्रफुल्लने थोडा वेळ वाट पाहिली.

“हे बघ, डोमेन-होस्टिंगचे मीच भरणार आहे. वीस धर.”

साइट मे महिन्यातल्या एका सोमवारी सुरू झाली. पार्सलचा खर्च बरोबर निघतो, बाटल्यांचे फोटो चांगले आलेत. तळाशी प्रफुल्लच्या फर्मचं नाव आहे. कृतिकाला अजून अठ्ठेचाळीसच माहीत आहेत.

साइट राजरत्नने बनवली. वीस हजारांत.