बाहुलीच्या पोटातला आवाज

खेळण्यांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं बाहुल्यांना डोळे बसवले, म्हणून सगळे तिला डोळेवाली मावशी म्हणत. कारखाना कधीच बंद पडला, पण मावशीची नजर काही निवृत्त व्हायला तयार नव्हती. दुपारचं जेवण उरकलं की ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसायची आणि मोबाईलवर जुन्या खेळण्यांचे व्हिडिओ बघायची. जगात काय काय अवली लोक भरलेत! एका गृहस्थाने चावीची सहाशे माकडं जमवली होती. दुसऱ्याने उलटा चालणारा पत्र्याचा कुत्रा मिळवण्यासाठी तीन वर्षं घालवली होती. मावशीचा या मंडळींवर फार जीव. पण त्यांच्या चुका काढल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. ‘डावा डोळा उजवीकडे बसवलाय,’ ती व्हिडिओखाली लिहायची. किंवा, ‘हे गाल मागाहून रंगवलेत. तुम्हाला कुणीतरी चुना लावलाय.’

सगळं लिहूनच, कारण बोलता येत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं, जीव वाचला आणि आवाज गेला. त्याआधी मावशीच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की समोरच्याला पाण्याचा घोट घ्यायची फुरसत मिळायची नाही. आता कमरेला पेन्सिल बांधलेली एक वही असायची. मुलगी तीन गल्ल्या पलीकडे राहायची. रोज सकाळी मावशी तिला फोन लावायची आणि एक रिंग झाली की कापायची. एक रिंग म्हणजे मी ठीक आहे, दोन म्हणजे ये. मुलगी उलट फोन करत नसे. करून काय ऐकणार होती?

मावशीला खुपत होतं ते वेगळंच. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मुलगी फोन पुढे धरून म्हणाली होती, “आई, दोन वाक्यं बोलून ठेव ना यात. काहीही बोल.”

मावशी भडकली होती. “मी काय मरायला चाललेय? कसलं अभद्र बोलतेस! चार दिवसांनी येते घरी, मग कान किटेपर्यंत बोलते.”

चार दिवसांनी ती घरी आली. मुलीने तो विषय पुन्हा एकदाही काढला नाही, टोमणा म्हणूनही नाही. तिने बोलून दाखवलं असतं तर बरं झालं असतं, असं मावशीला वाटायचं.

आणि मग एका दुपारी ती बाहुली समोर आली. हिरवा झगा, एका पायात बूट, पाठीतून लोंबणारी दोरी. डोळे मावशीनेच बसवलेले, त्यात शंकाच नाही. खाली एका बाईने लिहिलं होतं, ‘ही माझी लहानपणची बाहुली. दोरी ओढली की बोलायची, आता बंद पडलीये. शेवटी एक विचित्र वाक्य म्हणायची, आई इथेच आहे. असली बाहुली अजून कुणाकडे आहे का? मला ते एकदा ऐकायचंय.’

मावशीच्या हातून फोन मांडीवर पडला.

पंचेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मालकांना बोलकी बाहुली काढायची होती, पण नटीला बोलवायची दानत नव्हती. डोळ्यांच्या टेबलावरच्या पोरीचा, म्हणजे मावशीचा, आवाज खणखणीत, तिलाच रेकॉर्डिंगच्या यंत्रापुढे उभं केलं. वाक्यं तीन. मला भूक लागली, माझे केस विंचर, आता झोपू या. कारखान्यातल्या बायका तान्ही मुलं कामावर आणायच्या आणि बाहुल्यांच्या केसांच्या खोक्यात निजवायच्या. मावशीची आठ महिन्यांची लेकही अशीच खोक्यात निजली होती. तिसरं वाक्य संपायला आणि ती टाहो फोडायला एकच गाठ पडली. यंत्र चालूच होतं. मावशी म्हणाली, “आले गं बाळा, आले! रडू नको, आई इथेच आहे.”

मालकांना घाई. शेवटपर्यंत ऐकायची तसदी कुणी घेतली नाही, आणि तीनशे बाहुल्या तशाच दुकानांत गेल्या. आठ दिवसांत तक्रारी आल्या, की बाहुलीच पोरीला म्हणते आई इथेच आहे, हा काय प्रकार? कारखान्यात हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. मालक मात्र हसले नाहीत. माल परत मागवून फोडून टाकला आणि मावशीची सगळ्यांसमोर खरडपट्टी काढली. काही बाहुल्या तोवर विकल्या गेल्या होत्या.

मावशीने त्या बाईला लिहिलं, ‘मी या कारखान्यात होते. पाठवा, दुरुस्त करून देते.’ आवाज कुणाचा, ते लिहिलं नाही. मुलीलाही काही कळवलं नाही. आतली आवाजाची तबकडी झिजली असली तर? एकदा निराश केलंय पोरीला, दुसऱ्यांदा नको.

पार्सल आलं. सोबत चिठ्ठी होती, ‘माझी आई लवकर गेली. मी रोज झोपताना दोरी ओढायचे. जपून उघडा, मावशी.’

मावशीने टेबलावर पांढरं फडकं अंथरलं आणि पाठीचे चार स्क्रू काढले. आतली तबकडी जेमतेम बशीएवढी. तिला फिरवणारा रबरी पट्टा वितळून डांबर झाला होता, सुईला गंज चढला होता. सुई घासून साफ करायला एक दुपार गेली. पट्टा काही जमेना. हे रबर सैल पडे, ते घट्ट होई. तिसऱ्या दिवशी तिने सायकलच्या जुन्या ट्यूबची सुतळीएवढी बारीक कडी कापली आणि ती नेमकी बसली. हात दोरीकडे गेला आणि थांबला. एकटीने ऐकायचं तिला धाडसच झालं नाही. तिने फोन लावला आणि दोन रिंगा होऊ दिल्या.

मुलगी धापा टाकत आली. “काय झालं? दुखतंय का कुठे?”

मावशीने तिला खुर्चीत बसवलं, तिचा फोन टेबलावर ठेवायला लावला, रेकॉर्डिंगचं लाल बटण स्वतः दाबलं आणि बाहुली तिच्या मांडीवर दिली. वहीत लिहिलं, ‘ओढ. सावकाश.’

भूक लागली झालं. केस विंचर झालं. झोपू या झालं. थोडी खरखर झाली, मग लांबून एका तान्ह्या पोरीचं रडणं ऐकू आलं, आणि जवळून, अगदी जवळून, “आले गं बाळा, आले! रडू नको, आई इथेच आहे.”

मुलीने आईकडे पाहिलं. मावशीने आधी बाहुलीच्या पोटावर बोट ठेवलं, मग स्वतःच्या गळ्यावर, मग मुलीच्या छातीवर. लिहायची गरज पडली नाही. पंचेचाळीस वर्षांची ती बाई हमसाहमशी रडायला लागली.

“आपण ठेवून घेऊ या ना ही,” ती बऱ्याच वेळाने म्हणाली. “त्यांना दुसरी देऊ शोधून.”

मावशीलाही ठेवावीशी वाटत होती, फार वाटत होती. तिने लिहिलं, ‘तिची आहे. तिने सांभाळली म्हणून तुला ऐकू आलं.’ मग झग्याची उसवलेली शिवण घातली, दुसऱ्या पायाला पांढऱ्या कापडाचा बूट शिवला आणि खोक्यात चिठ्ठी टाकली, ‘आवाज माझा आहे. दोरी हवी तितकी ओढा. बिघडली तर परत पाठवा.’

मुलगी फोनमध्ये डोकं घालून काहीतरी खटपट करत होती. “आई, आत जाऊन मला फोन लाव बघू.”

मावशी स्वयंपाकघरात गेली आणि तिने फोन लावला. बाहेरच्या खोलीतून तिचाच एकविसाव्या वर्षाचा आवाज आला, “आले गं बाळा, आले! रडू नको, आई इथेच आहे.”

एक रिंग झाली की कापायचं, ही दोन वर्षांची सवय. मावशीचं बोट लाल बटणावर गेलंही होतं. पण तिने कापला नाही, आणि बाहेर बसलेल्या मुलीने उचलला नाही.