फाटक्या नळीची बंदूक

मी बंदुका दुरुस्त करतो. बाहेरगावच्या माणसाला हे सांगितलं की तो आधी माझ्या तोंडाकडे पाहतो, मग हाताकडे. अरे बाप्पा, सरकारी परवाना आहे, काच लावून भिंतीवर टांगला आहे! वर्ध्यातलं हे दुकान वडिलांपासूनचं. पण तो परवाना धंद्याला कमी आणि नकार द्यायलाच जास्त कामी येतो. दिवसभर मी काय करतो, तर लोकांना नाही म्हणतो. नाही म्हणून म्हणून माणूस किती थकतो ते करून पाहिल्याशिवाय कळायचं नाही.

परवा एक प्लॉटिंगवाला त्याची रायफल घेऊन आला. मोबाईलवर त्यानं परदेशातला व्हिडिओ दाखवला. त्यात एक गोरा घरच्या टेबलावर सुटे भाग जोडून रायफल उभी करत होता, जशी आपल्याकडे सायकल जोडतात. "भाऊ, आपल्या रायफलले बी अशीच नवी नळी, नवे भाग लावून द्या न." म्हटलं, दस्ता नवा बसवतो, खांद्याकडे रबर लावतो, गंज काढून देतो. पण नळीला हात लावला तं जेलात माझी भाकर तू आणून देशील का? तो हसला. "तुमचं तं सारंच नाई राह्यते." खरंच होतं त्याचं. माझा परवाना दुरुस्तीचा. मोडलं ते होतं तसं करायचं, नव्हतं ते करायचं नाही. नळी बोटभर आखूड केली तरी गुन्हा.

हे वडनेरकडच्या काकाजींना पक्कं माहीत होतं. वडिलांच्या वेळचं हे गिऱ्हाईक. घरी एकनळी बंदूक, पीक राखायच्या परवान्यावरची. तिकडच्या बाकीच्यांनी आपापल्या बंदुका केव्हाच जमा केल्या. नूतनीकरणाचे खेटे कोण घालणार म्हणून वावराला तारा ओढल्या न झटका मशीन लावलं. काकाजींनी मात्र बंदूक सोडली नाही. रानडुकरांचा कळप हरभऱ्यात शिरला की हवेत एक बार काढायचा, कळप पांगला की घरी. आजवर एक डुक्कर मारलं नाही. दरसाल तेलपाण्याला बंदूक माझ्याकडे आणायचे, चहा प्यायचे आणि माझी खरडपट्टी काढायचे. "तुह्या बापाचा हात कसा हलका होता. तू तं लोहारावानी ठोकतं!" मला राग यायचा, पण ते आले नाहीत तं वर्ष झाल्यासारखं वाटायचं नाही.

घोळ झाला दसऱ्याला. दसऱ्याला आपल्याकडे विळा, कुऱ्हाड, ट्रॅक्टर सगळ्यांची पूजा होते, तशी त्यांच्या घरी बंदुकीचीही होते. पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायचं आणि नळीच्या तोंडात झेंडूचं फूल खोचायचं. यंदा ते फूल सारखं गळून पडे, म्हणून काकूंनी देठाला चिंधी गुंडाळून घट्ट बसवलं. पुढं फूल वाळून पडलं, चिंधी आतच राहिली. दिवाळी झाली, हरभरा वर आला, डुकरं आली. काकाजींनी न पाहता बार काढला. नळीचं तोंड केळीच्या सालीसारखं फाटलं. हातपाय शाबूत राहिले ही देवाचीच कृपा.

दुसऱ्याच दिवशी ते दुकानात हजर. बंदूक पुढ्यात ठेवली न म्हणाले, "बाबू, येवढं फाटलेलं कापून दे. बाकी नळी चांगली हाये."

मी म्हटलं, काकाजी, नाही जमत. नळी आखूड होते. ठाण्यात कळवा, बंदूक जमा करा, नव्या नळीसाठी अर्ज करा, मी सगळं लिहून देतो.

"अन् अर्ज मंजूर होयेस्तोवर डुकरं काय उपास करतीन?"

"माझं दुकान जाईल, काकाजी. हात जोडतो."

"तू दुकानदार नाई रायला," ते उठत म्हणाले. "तू पोलीस झाला."

चहा तसाच ठेवून गेले. लागलं मला. दिवसभर मी सगळ्यांवर खेकसत होतो. बायको म्हणाली, "काऊन चिडून राह्यले? बरोबर तं केलं तुम्ही." बरोबर केलं की माणूस असा चिडत नाही, हे तिला कोण सांगणार?

मग निवडणूक लागली. आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. काकाजींनीही जमा केली, आणि तिथंच शिपायानं नळी पाहिली. मला फोन आला. "ही बंदूक तुमच्याकडेच येते ना दुरुस्तीला? नळी आखूड दिसते. या जरा."

साऱ्या पंचक्रोशीत बंदुकीला हात लावणारा मी एकटा. नळी कापलेली निघाली तं नाव माझंच येणार, हे शेंबड्या पोरालाही कळतं. निघताना बायको दारात आली. "कोणासाठी खोटं बोलून घर बुडवू नका," येवढंच म्हणाली. आणि मी रस्ताभर खोटंच जुळवत होतो. बार उडाला तेव्हा पुढचा तुकडा फुटून पडला, तो कोणी कापला नाही, असं सांगायचं. मी परवानाधारक, माझा शब्द चालेल. चालला तं दोघंही सुटू. नाही चालला तं माझं दुकान गेलंच.

ठाण्यात काकाजी बाकावर बसले होते. माझ्याकडे पाहिलंही नाही. साहेबांनी बंदूक टेबलावर ठेवली. नळी वेडीवाकडी कापलेली, तिरपी, कडेला ग्राइंडरच्या जळक्या रेघा. असं काम पाहून माझं टाळकंच सरकलं.

"तुमचं काम का हे?"

"साहेब, मला काय शिव्या द्यायच्या त्या द्या," मी म्हणालो, "पण हे माझं काम म्हणू नका."

साहेब हसले नाहीत. "मग सांगा, ही कापली आहे की फुटली आहे? विचार करून सांगा. तुमचं सांगणं मी लिहून घेणार."

तिरप्या रेघा आंधळ्यालाही दिसल्या असत्या. तरी मी तोंड उघडलं. "साहेब, असं आहे की..."

"त्याले कायले विचारता?" काकाजी बाकावरूनच म्हणाले. "म्या कापली. यानं हात जोडून नाई म्हटलं होतं मले."

"कोणाकडून कापून घेतली?"

"कोणाकडून नाई. माह्या हातानं."

त्यांचे हात म्हाताऱ्याचे, चहाचा कप धरतानाही थरथरणारे. ग्राइंडर त्यांनी जन्मात हातात घेतला नसेल. वडनेरला वेल्डिंगची दुकानं आहेत, साहेबांनाही ते माहीत होतं. पण त्यांनी पुढं विचारलं नाही आणि काकाजी पुढं बोलले नाहीत. गुन्हा त्यांच्या नावावर लिहिला गेला. बंदूक जप्त झाली, परवाना जायची नोटीस येईल म्हणाले. मला जायला सांगितलं.

काकाजींची सही होईपर्यंत मी बाहेर थांबलो. ते आले, तसं न राहवून म्हणालो, "काकाजी, मी सांभाळून घेणार होतो. फुटली म्हणणार होतो."

"मले माहीत हाये. तुह्या तोंडावर दिसून राह्यलं होतं." मग पहिल्यांदा हसले. "खोटं तुले जमत नाई बावा. तू बी गेला असता न मी बी. म्हणून म्या पह्यले बोललो."

सरळ सांगतो, मी रडलो. ठाण्याच्या फाटकाशी, येणाजाणाऱ्यांसमोर. ते म्हणाले, "चूप रे. लोक म्हणतीन तुलेच धरून आणलं."

यष्टी आली. मी त्यांची थैली वर दिली. दारातून चढताना त्यांनी सवयीनं उजवा खांदा तिरका केला, बंदुकीचं टोक दाराला लागू नये म्हणून. मग थबकले, खांद्याकडे पाहिलं आणि सरळ आत गेले.