अक्काचा तबादला

अक्काने धरलेला पेशंट हलत नसे. पाठीच्या मणक्यातून पाणी काढायचं म्हणजे माणसाला कुशीवर निजवून, गुडघे पोटाशी आणि हनुवटी छातीशी आणून, त्याचं पार मुटकुळं करून धरावं लागतं. सुई आत असताना त्याने हिसका दिला तर अनर्थच. त्यात आमचे पेशंट डोकेदुखीने वेडेपिसे झालेले. अक्का ठेंगणी आणि काटकुळी. पण एक हात मानेमागून, दुसरा गुडघ्यांमागून घालून ती वाकली की भलाथोरला गडीही तिच्या कवेत गप्प होई. तेलुगू बोलणाऱ्याच्या कानाशी ती "कोंचेम, कोंचेम" म्हणत राही, थोडंसंच, थोडंसंच. आपल्या मराठी माणसाला म्हणे, "झालंच बाप्पा. मी धरून हाये ना."

मी महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या, तेलुगू मुलखातल्या त्या दवाखान्याच्या वॉर्डात संशोधनाच्या कामावर रुजू झाले तेव्हा ती तिथली जुनी सिस्टर होती. एचआयव्हीची औषधं मध्येच सुटली की अंगातली ताकद ओसरते आणि काहींच्या मेंदूच्या आवरणात एक बुरशी शिरते. डोक्यात दाब वाढत जातो, नजर जाते, शुद्ध हरपते. बुरशी मारणारं औषध रोज सलाईनमधून द्यायची पद्धत जुनी. त्याने अंगात हुडहुडी भरे, मूत्रपिंडं थकत. त्याऐवजी एकच मोठा डोस आणि सोबत गोळ्या दिल्या तर चालेल का, हे आम्ही पाहत होतो. कुणाला कोणता उपचार मिळणार ते संगणक ठरवायचा. आमचे बरेच पेशंट मरत. हे आधीच सांगितलेलं बरं.

नातेवाइकांना ही गोष्ट सांगताना माझी जीभ अडखळे. अक्काची नाही. "कोनतं औषध भेटन हे डॉक्टरबाईच्या हातात नाई, माह्याबी हातात नाई. कोनतं चांगलं हेच मालूम नाई, म्हनून तं पाहून राह्यलो. भाग घ्या नाई तं नका घेऊ, इलाज दोन्हीकडून होते." एखादा हात जोडून विचारी, "सिस्टर, तुमीच सांगा न काय करू." त्यावर तिचं उत्तर ठरलेलं होतं. "मी नाई सांगनार. तुमचा जीव, तुमी ठरवा." मला ते सुरुवातीला फार कोरडं वाटे.

तशीच कोरडी ती रस्त्यावरही असे. एकदा आम्ही दोघी बाजारात भाजी घेत होतो. महिनाभर जिला अक्काने लेकीसारखं भरवलं होतं ती उटनूरकडची बाई समोरून आली. अक्काची नजर तिच्यावरून वांग्यांच्या ढिगावर गेली ती तिथेच राहिली. "ओळखलं नाही का?" मी विचारलं. "बाहेर मी कोनालेच वळखत नाई," ती म्हणाली. "मी कुठल्या वॉर्डात हावो हे साऱ्यायले मालूम हाये. म्या हाक मारली का लोक समजले." सगळी माणसं तिला अशीच परकी करून घ्यावी लागली होती. तिचं माहेर नेरडीगोंड्याजवळच्या खेड्यात, कापूस-ज्वारीचं घर. तिथे मात्र ती मोकळी असे. सुट्टीहून परतली की भावाचं कौतुक ऐकावं लागे. त्याला तिनेच कडेवर वाढवलं होतं.

तो भाऊ एका दुपारी ऑटोतून आमच्या दारात उतरला. शेजाऱ्याने दंडाला धरून आणलं होतं. डोकं गच्च बांधलेलं, एका डोळ्याने दिसेनासं झालेलं. अक्का औषधांची ट्रॉली ढकलत येत होती. तिने त्याच्याकडे पाहिलं, त्या बांधलेल्या डोक्याकडे पाहिलं, आणि ट्रॉलीचा दांडा धरून ती उभीच राहिली. त्याने काही सांगायच्या आधीच तिला कळलं होतं.

"कवापासून?" तिने विचारलं.

त्याला सीमेपलीकडे महाराष्ट्रातल्या सरकारी दवाखान्यातून बरीच वर्षं गोळ्या मिळत होत्या. मग कापूस वेचणीचा हंगाम आला, खेप चुकली, तिथले लोक रागावतील म्हणून पुढचीही चुकवली.

"इथं काऊन नाई आला रे? मी होती ना इथं."

"तू होती म्हनूनच नाई आलो, बाई."

अक्काने ट्रॉली भिंतीशी लावली आणि त्याचा दुसरा दंड धरला.

मी त्याला दोन्ही उपचार समजावून सांगितले. शुद्धीवर होता, समजत होतं. सगळं ऐकून त्याने मान तिच्याकडे वळवली. "बाई, तू काय म्हनतं?"

"मी नाई सांगनार. तुहा जीव, तू ठरव."

"भावालेबी नाई?"

"भावालेबी नाई." आवाज स्थिर होता, चादरीची कड मात्र ती बोटांनी चुरगळत होती.

त्याने होकार दिला. संगणकाने जुनी पद्धत दिली. पाणी काढायची वेळ आली तेव्हा मी दुसऱ्या सिस्टरला बोलावलं. अक्काने तिला हातानेच मागे सारलं आणि भावाला स्वतः कवेत घेतलं. पाणी नळी सोडल्यासारखं आलं, इतका दाब होता. दाब उतरल्यावर तासभर त्याला बरं वाटलं. त्या तासात त्याने तिच्याकडे एक वचन मागितलं. "माह्या बायकोले नको सांगजो. तिले काई मालूम नाई."

अक्काने हो म्हटलं की नाही, मला ऐकू आलं नाही. आठवडा संपायच्या आत तो गेला. नवी पद्धत मिळाली असती तर, हा प्रश्न तिने मला त्या दिवशी विचारला नाही आणि नंतरही नाही. बायकोला मेंदूज्वर म्हणून सांगितलं होतं. ती तान्ही पोर मांडीवर घेऊन व्हरांड्यात बसून होती.

"त्यांची तपासणी व्हायला हवी," मी अक्काला म्हणाले. "आमच्या समुपदेशक सांगतील. ते त्यांचं कामच आहे."

"तुमी परके. परक्यानं सांगतलं तं ते आयकनार नाई. घरच्या मानसानंच सांगाले पायजे." मग थोड्या वेळाने, "म्या त्याले हो म्हनलं होतं, डॉक्टरबाई. मेल्या मानसाले फसवून राह्यली मी."

तेरवी झाल्यावर तिने माहेरी भावजयीला आतल्या खोलीत नेऊन सांगितलं. पण दाराआड आई होती. म्हातारीने अंगणात येऊन छाती बडवली. "माह्या पोराले मेल्यावर बदनाम केलं इनं! त्या दवाखान्यातला रोग घरात आनला! याच्यापुढं माहा उंबरठा चढशीन तं खबरदार." गल्लीने ऐकलं. अक्का पिशवी उचलून निघाली. भावजय खाली मान घालून बसली होती. तिने वर पाहिलं नाही. त्यानंतर अक्का माहेरी गेली नाही.

काही आठवड्यांनी भावजय एकटीच आली. तिच्या रक्तात विषाणू निघाला, लेकरू मात्र त्यातून सुटलं. तिच्या गोळ्या सुरू झाल्या. जाताना तिने मला एवढंच सांगितलं, "अक्का समोर दिसल्या तं मी येनार नाई." का, ते मी विचारलं नाही. नवऱ्याचा आजार गावात जाहीर झाला होता, आणि त्यानंतर तिला त्याच घरात सासूपाशी राहायचं होतं.

मग भावजयीच्या तारखेला अक्का मागच्या खोलीत बसू लागली. पण एका तारखेला वॉर्डात पेशंटला झटके आले आणि ती धावत बाहेर आली. नेमकी तेव्हाच भावजय फाटकातून आत शिरत होती. दोघींची नजरानजर झाली. भावजय तिथूनच मागे फिरली. त्या महिन्याच्या गोळ्या तिने नेल्याच नाहीत.

दुसऱ्या दिवशी अक्का माझ्यापुढे उभी राहिली. "मले तबादला पायजे. उटनूरले. साहेबाले तुमी सांगजा."

"अक्का, तुमच्याइतकं पेशंटला कोण धरतं इथे?"

"शिकवलं हाये म्या पोरीयले." ती खुर्चीवर टेकली, माझ्यासमोर ती कधी बसत नसे. "एकजन मी हावो म्हनून आला नाई. आता हे. मी नसली तं ते येईन. याच्यात इचार करन्यासारखं काय हाये?"

बदली मंजूर झाली. निरोपाला तिने हार घेतला नाही. वॉर्डातल्या प्रत्येक खाटेपाशी जाऊन आली आणि बसस्टँडकडे चालत निघाली. नंतर एकदोनदा फोन झाले. तिकडे बाळंतिणींच्या वॉर्डात होती. भावजयीबद्दल विचारायची नाही. विचारलं असतं तरी मी सांगू शकले नसते, हे तिला माहीत होतं.

अक्का गेल्यानंतरच्या पहिल्याच तारखेला मी सकाळपासून फाटकाकडे पाहत होते. भावजय आली. पायरीवर थांबून तिने व्हरांडा न्याहाळला, मग माझ्याकडे पाहिलं.

"अक्का?"

"इथे नाहीत. तबादला झाला त्यांचा."

"कुठं?"

"उटनूरला."

तिने एकदा मागे फाटकाबाहेरच्या रस्त्याकडे पाहिलं. मग पोरीला कडेवर सावरून घेतलं, बाकाच्या टोकाला बसली आणि आपलं नाव पुकारायची वाट पाहू लागली.