देवीचे डोळे सुकेपर्यंत

अकोल्याहून डोळ्यांचं लेझर करून आले. डाव्या डोळ्यानं दूरची माणसं ओळखू येऊ लागली, पण उजव्यापुढचा दुधाळ पडदा काही हटेना. डोळ्याचा वरचा पापुद्रा भरून यायला वेळ लागतो, धीर धरा, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पण धीर धरणं माझ्या रक्तातच नाही. लहानपणापासून जाड भिंगाचा चष्मा. मेथी खुडायला वाकलं की घामानं तो नाकावरून घसरायचा, मातीत पडायचा. आमचा भाजीचा मळा माझ्याच हातावर चालतो. चष्मा सुटावा म्हणून मीच हट्टानं लेझर करवून घेतलं, आणि आता डोळाच गेला तर काय, या विचारानं माझं जेवण सुटलं. "चांगले डोळे कायले छेडले?" एवढंच सासूबाई म्हणाल्या, पण ते फार जिव्हारी लागलं.

शेवटी त्यांनीच सुचवलं, देवीचं तीर्थ लाव, डोळा निवळेल. आमच्या गावाच्या शिवेवर देवीचं लहानसं देऊळ आहे. लग्न होऊन आल्यापासून माझा नेम ठरलेला: देवळात शिरतानाच चष्मा काढायचा, तीर्थ प्यायचं आणि ओला हात डोळ्यांवरून फिरवायचा. डोळ्यांत पाण्याचा थेंबही जाऊ देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तोंड धुताना मी जपत होतेच. पण तीर्थ म्हणजे काय पाणी असतं? खरंच सांगते, मला तसंच वाटलं. पाण्याचा नियम तीर्थाला लावायचा म्हणजे पापच की! काळा चष्मा लावला आणि सकाळीच देवळाकडे निघाले.

देवळाचं दार ओढून घेतलेलं होतं. ओट्यावर एक म्हातारी गाठोडं घेऊन बसली होती, आमच्या गावची नव्हती. कायले आली, असं तिनं विचारलं. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, तीर्थ लावायचंय, असं मी सांगितलं.

"आज तीर्थ नाही, माय," ती म्हणाली. "देवीची शेंदराची खोळ गळून पडली. गुरवानं काल नवा शेंदूर चढवला, डोळे नव्यानं बसवले. ते सुकेपर्यंत तिच्यावर पाणी टाकत नाहीत." मग माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाली, "तिच्या डोळ्यांले पाणी चालत नाही, अन् तुले कायले पाह्यजे?"

मी तिथंच बसले, आणि इतके दिवस दाबून ठेवलेलं रडू बाहेर आलं. तिनं पाठीवर हात ठेवला. थोड्या वेळानं मी दारालाच नमस्कार केला आणि घरी परतले.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी विचारलं, पाणी तर नाही ना गेलं? मी सगळं सांगून टाकलं. पापुद्रा आत्ता कुठं भरलाय, म्हणाले, त्या दिवशी उघड्या डोळ्यात जंतू गेला असता तर डोळा वाचवणं अवघड होतं, ताई.

ती म्हातारी कोण, म्हणून मी गुरवाला विचारलं. लेकीच्या गावाले जाणारी कोणी असंन, तो म्हणाला. असेलही. मी वाद घालत नाही. माझ्यासाठी ती त्या सकाळी तिथं बसली होती, एवढं मला पुरे आहे.

पडदा आपोआपच विरत गेला. मग मी देवळात गेले. इतकी वर्षं चष्मा काढून उभी राहिले की समोर नुसता लाल डाग दिसायचा. त्या दिवशी पहिल्यांदा उघड्या डोळ्यांनी तिचा चेहरा बघितला. तिचा उजवा डोळा जरासा वाकडा बसलाय. मला हसू आलं. तिनं काय करावं हे सांगायला मी गेले होते, आणि तिनं मला काहीच न करता थांबायला लावलं.

तीर्थ प्यायले. सवयीनं ओला हात डोळ्यांकडे गेला, तो मी पदराला पुसला. डोळे मिटायची इच्छाच होईना.