आतून उत्तर येईपर्यंत

जपानमधल्या वृद्धाश्रमात नोकरी हवी असेल तर आधी दारावर टकटक करायला शिकावं लागतं, हे मला अंधेरीच्या क्लासमध्ये कळलं. नर्सिंगचा कोर्स केलेल्या मुलीला हे शिकवतात म्हणून मी पहिल्या दिवशी चिडलेच होते. टकटक करायची, ‘शित्सुरेइ शिमास’ म्हणायचं, आतून ‘दोझो’, म्हणजे ‘या’, असं आलं की दार उघडून वाकायचं आणि मग ‘ओहायो गोझाइमास’, सुप्रभात. शित्सुरेइ शिमास म्हणजे मी तुमच्या खोलीत शिरण्याचा उद्धटपणा करतेय, माफी असावी. रोज सकाळी त्याच आजोबांची नव्याने माफी मागायची.

आम्ही दहिसरचे. आमच्या चाळीत दारं झोपतानाच लागायची, दिवसा कोणीही कोणाच्याही घरात डोकवायचं. आता चाळीच्या जागी टॉवर आलाय आणि प्रत्येकाचं दार बाहेर पडताच आपोआप लॉक होतं. आई गेल्यापासून घरात मी आणि बाबा दोघंच.

त्यामुळे सराव बाबांवरच. आतल्या खोलीचं दार मी मुद्दाम लोटून घ्यायचे. सुरुवातीला बाबा म्हणाले, “येडी झालीस काय गो? घरच्या माणसाची कसली माफी मागतंस?” मग त्यांनाच मजा यायला लागली. ‘दोझो, दोझो’ असे ओरडायचे की समोरच्या काकू विचारायच्या, सकाळी सकाळी हाका कुणाला मारतात. ‘ओगेंकी देस का’ असं तब्येतीचं विचारलं की पुस्तकात एका वाक्यात ‘बरा आहे’ असं उत्तर होतं. बाबा गुडघ्यापासून सुरू करायचे.

मला भीती एकच होती. बाबांची अँजिओप्लास्टी झालेली आणि नोकरी मिळाली तर माझा करार तीन वर्षांचा. मी तिकडे परक्या म्हाताऱ्यांना सुप्रभात म्हणत असताना बाबा इकडे त्या लॉक दाराच्या आत एकटेच जातील आणि कुणाला कळणारही नाही. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तोंडातून काढलं तर खरं होईल असं वाटायचं.

मुलाखतीच्या आठवड्यात एका सकाळी मी टकटक केली. “शित्सुरेइ शिमास.” आतून काहीच नाही. पुस्तकातले आजोबा नेहमी उत्तर देतात, त्यामुळे पुढचं वाक्य मला येतच नव्हतं. मी पुन्हा तेच म्हणाले, तितक्याच मऊ आवाजात. पंख्याचा आवाज येत होता. दार नुसतं लोटलेलं, बोट लावलं असतं तरी उघडलं असतं, आणि माझा हात काही पुढे होईना. मग “बाबा” म्हणून ओरडले आणि आत घुसले.

बाबा पलंगावर उशीला टेकून बसले होते, दाराकडे बघत.

“मी मेलो असतो तर भायेरच उभी रवली असतीस ना?” ते म्हणाले.

मी त्यांना वाट्टेल ते बोलले. लाज नाही वाटत का, ही काय मस्करी, म्हणून रडले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“मस्करी नाय. तिकडच्या म्हाताऱ्याकडसून पण एक दिवस आवाज येवचो नाय. तेव्हा माफी मागत बसू नको, आत जा.”

“आणि इथे?” मी विचारलं. “तुमचा आवाज आला नाही तर मी कुठून आत येऊ?”

इतके दिवस दाबून ठेवलेलं शेवटी बाहेर पडलं. बाबा उशी सारून उठले. चहा टाक म्हणाले.

आम्ही चहा पीत होतो तेव्हा बाहेरच्या दाराचं कुलूप फिरलं. बेल नाही, हाक नाही. दार उघडून समोरच्या काकू आत आल्या, हातात नवी कोरी चावी.

“लागते हो,” त्या बाबांना म्हणाल्या. “जरा अडकते, तेल घालते.”

बाबांनी मान हलवली. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. मी काही बोलायच्या आधीच बाबा माझी भीती घेऊन किल्ल्या बनवणाऱ्याकडे जाऊन आले होते. मी जाणार हे त्या क्षणी पक्कं झालं, आणि मी उभ्या आयुष्यात इतकी कधी घाबरले नव्हते.