बेंजोच्या डब्यातला आयसी

ऐंशीनंतरच्या एक-दोन वर्षांतली गोष्ट. शिळफाट्याला माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. माझा थोरला चुलतभाऊ खालापूरकडच्या आमच्या गावात बेंजो वाजवायचा; आजूबाजूच्या हळदींना वाजवायला त्याचीच पार्टी. बेंजोच्या तारांचा आवाज त्यांच्याखाली बसवलेल्या पिकअपमधून अगदी बारीक निघतो. तो वाढवून अँप्लिफायरला द्यायला मी दादाला एक पत्र्याचा डबा करून दिला होता. आत आवाज वाढवणारी चिप, सेव्हन फोर वन, कुठेही मिळणारा, आठ पायांचा आयसी.

त्याची खरखर फार. दुकानात हेडफोन लावला की ती मला टोचायची. आपल्या हातची वस्तू, आणि ही अशी! मग मुंबईहून मी नव्या जातीचा एक आयसी आणला, खरखर जवळजवळ नाहीच. पाय तेच, सॉकेटमधून जुना काढायचा, नवा दाबायचा. वायर तुटली म्हणून दादाने डबा आणून टाकला, तेव्हा मी तो बदलला. दादाला सांगितलं नाही. विचारलं असतं तर तो नको म्हणाला असता. म्हणूनच विचारलं नाही, हे आज लिहितो.

कळंबच्या हळदीला मीही गेलो होतो. ढोल-ताशात खरखर कोणाला ऐकू येणार होती? पण जुना आयसी वरचे सूर जरा बोथट करायचा, त्यामुळे तार जाड, भरलेली वाजायची. नवा काहीच झाकत नव्हता. तार छेडणाऱ्या नखीचा प्रत्येक ओरखडा भोंग्यातून कानात घुसत होता. शांत दुकानात बसून मी आयसी निवडला होता, आणि तो वाजत होता मांडवात. नाचणाऱ्या बायका हळूहळू कडेला सरकल्या.

“आरं, बेंजो वाजिवतोस का पत्रा घासतोस?” नवऱ्याचा मामा म्हणाला.

सगळे हसले. दादा आपल्या बोटांकडे बघत राहिला. मी मांडवाच्या खांबाला टेकून उभा होतो. जवळ जाऊन खरं काय ते सांगायचं, इतकंच करायचं होतं. नाही केलं.

दोन दिवसांनी तो डबा परत द्यायला आला. “डब्याला काय नाय रं,” म्हणाला, “माजाच हात ग्येला.” पार्टीत पुढे बेंजोवर त्याने दुसऱ्याला बसवलंसुद्धा होतं. मी घाईघाईने जुना आयसी घातला आणि, आतल्या वायरचं सोल्डर सुटलं होतं, आता वाजवून बघ, असं खोटंच सांगितलं. मी त्याचं मन राखतोय असं त्याला वाटलं. त्याने वाजवून पाहिलंच नाही. पुढची कितीतरी लग्नं तो पार्टीत मागे उभा राहून खुळखुळे वाजवत होता.

यंदा गावी गेलो, तेव्हा ओटीवर बसून त्याला सगळं सांगितलं. शिव्या देईल असं वाटलं होतं. त्याने विचारलं, दोन्ही आयसी तेव्हा तुझ्याकडे होते? होते, म्हटलं.

“मंग दोनी लावून मला आयकवायचं व्हतं. मी निवडला असता.”

मी मान खाली घातली.

“म्हंजे हात बरा व्हता माजा?”

“बरा होता, दादा.”

तो उठून आत गेला. आपला हात बरा होता, हेच तो स्वयंपाकघरात वहिनीला सांगत होता, ते मला बाहेर ऐकू येत होतं.